हवेची ‘मोफत तपासणी’ आणि पांढरी पूड

मनीषनगर-बेसा भागातल्या फ्लॅटांमध्ये सध्या एक माणूस फिरतोय. गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी, तोंडात ‘घरातल्या हवेची मोफत तपासणी’. हवेत ओलावा सोडणारं एक मशीन विकून माझ्या आत्याला त्याने साडेसोळा हजारांना बुडवलं. त्याची हातचलाखी कळली की पुढच्याला दारातूनच परत पाठवता येईल, म्हणून सगळं लिहिते.

नागपूरची थंडी कोरडी असते, हे काही तो खोटं सांगत नाही. 2018 मध्ये 29 डिसेंबरला तर इथे पारा 3.5 अंशांवर आला होता. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, ब्लँकेट ओढलं की चटका बसतो. आत्याचा तेव्हा नुकताच घोळणा फुटला होता आणि तिने ते दारातच सांगून टाकलं. त्याला आणखी काय हवं!

आत येताच म्हणाला, “काकू, ब्लोअर लावता का? रोज लावता तसाच. खोली गरम झाली की बरोबर रीडिंग येते.” मग खिशातून हवेतला ओलावा मोजायचं मीटर काढलं. 24 टक्के! “इतक्या कोरड्या हवेत फुप्फुसं सुकून राहिली तुमची.” नंतर पेटीतलं मशीन सुरू केलं, मीटर वाफेपाशी धरलं, आकडा सत्तरच्या वर. आत्या म्हणते, “डोळ्यांनी पाहिलं न मी, खोटं कसं म्हणू?”

मीटर खोटं नव्हतंच. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, पाणी मात्र तेवढंच राहतं, म्हणून सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या ताकदीच्या मानाने पाण्याची टक्केवारी, घसरते. 12 अंशांना 50 टक्के असलेली हवा 24 अंशांपर्यंत तापवली की आकडा आपोआप 23-24 वर येतो. ब्लोअर लावायला सांगितला तो यासाठी. आणि मशीनच्या तोंडाशी मीटर धरलं तर ते वाढणारच, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काय दिसतं ते त्याने दाखवलंच नाही.

खरी कमाल पुढे आहे. काही दिवसांनी टीव्हीवर, ड्रेसिंग टेबलवर, देव्हाऱ्यातल्या काळ्या शाळिग्रामावरही पांढरी पूड बसायला लागली. आत्याने फोन केला, तर हा म्हणतो, “काकू, हीच तर तुमच्या हवेतली घाण! मशीन बाहेर काढून राहिली.” वर दर दोन महिन्यांनी बाराशेचं फिल्टर बदलायचं बजावलं. आत्या तर खूश, शेजारणींना बोट फिरवून पूड दाखवायची.

ती पूड म्हणजे बोअरचं पाणी. हे मशीन साधं अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर आहे. आत एक चकती अतिशय वेगाने थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. पाणी उकळत नाही, त्यामुळे त्यातले क्षारही तुषारांबरोबर उडतात आणि पाणी सुकलं की सामानावर बसतात. मी आत्यासमोर तेच पाणी कढईत आटवलं, तळाशी तसाच पांढरा थर. लिंबू पिळलं तर फसफसून विरघळला, टीव्हीवरची पूडही तशीच. मग ती जी गप्प झाली!

असंच मशीन सीताबर्डीत दोन-तीन हजारांत मिळतं. खोक्यावर ना एमआरपी, ना बनवणाऱ्याचं नाव. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजला तर 14 अक्षरं, खरा 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव दिसतं, त्यामुळे पैसे देण्याआधीच तपासायला हवं. आत्याने यूपीआयने दिले होते. त्याचा फोन आता लागत नाही.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. बिल, यूपीआयची नोंद, खोक्याचे फोटो सगळं जपून ठेवलंय.

मशीन फेकलेलं नाही. त्यात आता आरओचं पाणी असतं, पूड बंद झाली. टाकी रोज धुवावी लागते, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो आणि तोच हवेत उडतो. ब्लोअर झोपायच्या आधी बंद, खोलीत दोरीवर ओला टॉवेल. घोळण्यासाठी कान-नाक-घसा डॉक्टरांनाही दाखवून आणलं. आणि परवा बेशाहून आत्याच्या मैत्रिणीचा फोन आला, पेटीवाला आलाय, ब्लोअर लावा म्हणतोय. आत्याने तिला एवढंच सांगितलं, “ब्लोअर बंद ठेव आन् मीटर गॅलरीत धरायले लाव त्याले.”