‘बोर्ड गेलाय’ असे सांगून मेटल डिटेक्टरच्या बॅटरीत झालेली फसवणूक

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ आमचे फर्निचरचे छोटे वर्कशॉप आहे. पेठांतले जुने वाडे पाडले जातात तेव्हा निघणारे सागवानी खांब आणि तुळया आम्ही विकत घेतो. त्या लाकडात जुने खिळे इतके खोल रुतलेले असतात की वरून पत्ता लागत नाही, म्हणून रंधा मशीनवर घालण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून आमचे मिस्त्री हातातला मेटल डिटेक्टर फिरवतात. हा डिटेक्टर ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो.

गेल्या पावसाळ्यात नवी बॅटरी घातली तरी तो तासाभरात बंद पडू लागला. बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, तर त्याने पाठीमागचे झाकणही न उघडता सांगितले, “शेठ, बोर्ड गेलाय, बदलावाच लागेल.” बोर्डाचे, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीचे, २,२०० रुपये आणि ‘१८०० एमएएच’ (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) असे छापलेल्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या व चार्जरचे ९०० रुपये मी यूपीआयने दिले. पक्के बिल मागितले नाही, ही माझी मोठी चूक झाली.

आठवडाभरातच पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवरही लो-बॅटरीचा दिवा लगेच लागू लागला आणि ती दुपारच्या आत उतरू लागली. त्याहून वाईट म्हणजे बॅटरी उतरत आली की यंत्र चालू दिसे, पण त्याची संवेदनशीलता कमी झालेली असे. अशाच एका दुपारी तपासून झालेल्या फळीतला दीड इंची खिळा रंध्याच्या पात्यात गेला आणि पात्याचा तुकडा उडून मिस्त्रींच्या कानाजवळून गेला. त्यांना इजा झाली नाही, पण ती घटना आठवली की आजही माझ्या हाताला कंप सुटतो.

माझ्या भाच्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आहे. त्याने डिटेक्टर उघडला, तेव्हा बोर्डाच्या कोपऱ्यात आमच्याच वर्कशॉपमधल्या फेविकॉलचा वाळलेला थेंब जसाच्या तसा होता. बोर्ड बदललाच नव्हता. बदलली होती ती फक्त बॅटरी जिला जोडतात ती क्लिप. गळलेल्या जुन्या बॅटरीमुळे पहिल्या क्लिपवर हिरवट गंज चढला असावा आणि काही रुपयांच्या त्या क्लिपपुरताच मूळ बिघाड असावा, असे त्याचे मत पडले.

मग त्याने बॅटरी तपासली. नुसता मल्टिमीटर लावला तर व्होल्टेज चांगले दिसते, खरी स्थिती भार दिल्यावर कळते, म्हणून त्याने १८० ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवला. साधारण ४० मिलिॲम्पिअर प्रवाहाला १८०० एमएएचची बॅटरी ४५ तास पुरायला हवी होती. ती चार तासांत संपली, म्हणजे क्षमता जेमतेम १६० एमएएच. या आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटरीची खरी क्षमता साधारण १५० ते ३०० एमएएच असते आणि चांगल्या अल्कलाइनची ५०० च्या आसपास, त्यामुळे छापलेला आकडाच अशक्य होता. पत्रा कापल्यावर आत सातऐवजी सहाच सेल निघाले. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे ८.४ ऐवजी ७.२ व्होल्ट. लो-बॅटरीचा दिवा लगेच का लागत होता, तेही तिथेच कळले.

दुकानदार म्हणाला, “सेलला वॉरंटी नसते, आणि बोर्ड नवाच आहे.” राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला, तेव्हा बिलाची विचारणा झाली आणि माझ्याकडे दाखवायला फक्त यूपीआयची नोंद होती.

आपला डिटेक्टर वारंवार बंद पडत असेल, तर आधी क्लिपचे टोक गंजलेले किंवा सैल आहे का ते पाहा, खात्रीच्या दुकानातली ताजी अल्कलाइन बॅटरी घालून एक दिवस चालवा, आणि तरीही दुरुस्तीला द्यावा लागला तर बोर्डाचा फोटो काढून ठेवा, बदललेला जुना भाग परत मागा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आम्ही आता रोज सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एका फळीत मुद्दाम ठोकून ठेवलेल्या खिळ्यावर डिटेक्टर फिरवतो, आणि तो वाजल्याशिवाय मिस्त्री रंधा मशीन सुरू करत नाहीत.