पोटातल्या बाळाच्या मानेतली गाठ: सोनोग्राफी की एमआरआय?
गाठ पहिल्यांदा दिसते ती बहुतेकदा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत. ही तपासणी स्वस्त, सहज मिळणारी. डॉपलरने, म्हणजे सोनोग्राफीतल्याच रक्ताची हालचाल टिपणाऱ्या पद्धतीने, गाठीतला रक्तप्रवाहही कळतो. लहान गाठीला माझ्या मते तेवढं पुरे.

गाठ मोठी असेल तर काळजी श्वासनलिकेची, आणि तिथे एमआरआयच उजवा. एमआरआयच्या टी-२ चित्रात द्रव पांढरा उठतो, म्हणून द्रवाने भरलेली श्वासनलिका पांढऱ्या रेघेसारखी दिसते. ती रेघ कुठे वाकलीय, कुठे दबलीय, गाठ जिभेखाली शिरलीय की छातीत उतरलीय, हे नीट उलगडतं. श्वास अडण्याची भीती असेल तर सिझेरियनमध्ये नाळ न कापता, वारेतून रक्तपुरवठा चालू असतानाच बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालायची तयारी ठेवता येते. बाळाचा जीव त्यावर असतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आईला मात्र अरुंद बोगद्यात, ठकठक आवाजात पडून राहावं लागतं. तिला हे आधी सांगाच.