जुना मिनी पीसी, डेबियन आणि घरचा सर्व्हर: दिवाळीपासून वापरल्यानंतर

घरी सर्व्हर, म्हणजे घरच्यांचे फोटो, व्हिडिओ आणि फाइली सांभाळणारं सतत चालू यंत्र, चालवायचा म्हणून नवं यंत्र विकत घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे त्याआधीच्या पिढ्यांची, एरवी ठणठणीत असलेली ऑफिसांमधली यंत्रं रिफर्बिश्डच्या दुकानांत येऊन पडली. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी अशी त्यांतल्या छोट्या, मिनी पीसींची नावं. तिन्हींत डावंउजवं करण्यासारखं फारसं काही नाही, मिळेल ते घ्यावं. मी गेल्या दिवाळीत पुण्यात आय५-७५००टी, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेलं एक उचललं, दहा हजारांच्या आतबाहेर.

घेताना हट्ट फक्त सातव्या पिढीचा धरला. १०-बिट एचईव्हीसी या दाबून साठवलेल्या प्रकारचा व्हिडिओ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडायची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये या पिढीपासून आली. हल्लीच्या आयफोनमधले एचडीआर व्हिडिओ याच प्रकारचे असतात. जेलीफिनवर, म्हणजे घरातले व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, असा व्हिडिओ जुन्या टीव्हीला पाठवायचा तर तो वाटेत बदलावा लागतो. ते काम प्रोसेसरवर पडलं की पंखा लगेच बोंबलायला लागतो, ग्राफिक्सवर पडलं तर घरात कुणाला कळतही नाही. डॉकरमध्ये (सॉफ्टवेअरला कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवत असाल तर ग्राफिक्सचं डिव्हाइस कंटेनरला द्यायला आणि 'रेंडर' ग्रुपची परवानगी जुळवायला विसरू नका. नाहीतर सगळं चालू दिसतं आणि प्रोसेसरच मरमर मरत असतो.

विजेचा हिशेब घरात पहिल्याच आठवड्यात विचारला जातो, म्हणून वॅटमीटर लावून पाहिलं. यंत्र नुसतं बसलेलं असताना ८ ते १० वॅट खातं. १० वॅट धरले तर महिन्याला ७.२ युनिट. युनिटला दहा रुपये लावले तरी ७२ रुपये. बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क फिरत असली की आकडा थोडा वर जातो, एवढंच. एप्रिल-मेमध्ये मात्र पंख्याचा आवाज वाढला. उघडून पाहिलं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. ती बदलली आणि यंत्र टीव्हीच्या बंद कपाटातून काढून राउटरशेजारी उघड्यावर ठेवलं, मग गप्प झालं.

वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सेटिंग असतं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण इतक्या जुन्या यंत्रातली, हे सेटिंग जपणारी सीमॉसची बॅटरी बहुतेक वेळा संपलेली असते. मग वीज गेली की ते सेटिंगही पुसलं जातं आणि यंत्र ढिम्म पडून राहतं. सीआर२०३२ नावाची ही बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते. खरेदीच्या दिवशीच बदलून टाका. सोबत छोटा यूपीएस घ्या आणि तो यूएसबीने यंत्राला जोडून 'नट' हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी तळाला गेली की यंत्रावरचं लिनक्स (विंडोजऐवजी घातलेली ऑपरेटिंग सिस्टिम) स्वतःहून नीट बंद होतं. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या घरात ही चैन नव्हे.

डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) म्हणून साधं डेबियन १३ ठेवलं, डेस्कटॉप न टाकता. महिनोन्महिने वापरल्यावर त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही घडलं नाही आणि सर्व्हरकडून माझी अपेक्षा नेमकी तीच आहे. दोन गोष्टी मात्र जाणवल्या. या आवृत्तीपासून तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर मुळातच रॅममध्ये राहतो आणि अर्ध्या रॅमपर्यंत फुगू शकतो. ८ जीबीच्या यंत्रावर मोठे व्हिडिओ रूपांतरित करताना ते टोचतं. तो फोल्डर परत डिस्कवर नेता येतो, मी नेला. दुसरी गोष्ट डॉकरची: यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचं दार) डॉकर आपल्या कंटेनरसाठी खुशाल उघडतो, कारण त्याचे नियम आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेटवर्क-नियमांच्या यादीत, वेगळ्या वाटेने जातात. फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त झोपणाऱ्यांनी एकदा दुसऱ्या यंत्रावरून तपासून पाहावं.

आता इमिच, म्हणजे फोनमधले फोटो आपल्याच सर्व्हरवर साठवणारं आणि शोधून देणारं सॉफ्टवेअर. घरच्यांच्या दृष्टीने सर्व्हर म्हणजे हेच. १ ऑक्टोबर २०२५ला त्याची २.० ही पहिली स्थिर आवृत्ती आली आणि मग मी बिनधास्त सगळ्यांचे फोन त्याला जोडले. पहिल्यांदा सगळे फोटो आत गेल्यावर चेहरे ओळखण्याचं काम कित्येक रात्री चाललं. एका वेळी एकच काम चालेल असं बांधून घातलं नाही तर एवढ्या रॅममध्ये बाकीच्या सेवा गुदमरतात. चेहऱ्यांची ओळख वाटलं होतं त्यापेक्षा बरीच चांगली आहे. माझी आणि मामाची गल्लत होते खरी, पण ती नातेवाइकांचीही होते. फोटो शोधण्यासाठी मुळात जे एआय मॉडेल येतं ते इंग्रजीपुरतं. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेल निवडून सगळे फोटो पुन्हा त्यातून काढले, तेव्हापासून आई मराठीत टाइप करून फोटो शोधते. 'पाऊस', 'समुद्र', 'गणपती' यांना उत्तरं चोख येतात. 'पुरणपोळी' म्हटलं की भाकरी, पराठा, डोसा, जे गोल दिसेल ते हजर होतं. स्कॅन केलेल्या जुन्या कृष्णधवल फोटोंवर स्कॅनची तारीख बसते, त्यामुळे आजोबांची मुंज आणि परवाचा वाढदिवस एकाच दिवशी दिसतात. एक्झिफटूल या फोटोतली माहिती बदलणाऱ्या साधनाने तारखा बदलून मगच ते आत टाकावेत.

आणखी एक त्रास फक्त आपल्याच लोकांना होतो. विंडोजमधून देवनागरी नावांच्या फाइली सांबाने (विंडोज आणि लिनक्समध्ये फाइली वाटून घ्यायची सोय) सर्व्हरवर टाकताना काही फाइली 'नाव फार लांब' म्हणून नाकारल्या जातात. विंडोजमध्ये नावाची मर्यादा २५५ अक्षरांच्या हिशेबात असते, लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्कवरच्या मांडणीत ती २५५ बाइट्सची आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे हातात राहतात ८५ चिन्हं. नावात लेखक, व्याख्यानाचा विषय, स्थळ आणि तारीख कोंबलेली ध्वनिमुद्रणं माझ्याकडे पुष्कळ होती, ती सगळी इथे अडली.

त्याहून छुपं प्रकरण 'साताऱ्याचे फोटो' या फोल्डरचं. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, काही साध्या र आणि हलन्तापुढे अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर दिसायला लागल्यावर आधी डिस्कवरच संशय येतो. नावं एकसारखी करणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली, ती रोज रात्री फिरते.

पाय-होल (जाहिरातींचे पत्ते अडवणारं सॉफ्टवेअर) लावलं आणि जाहिराती कमी झाल्या, पण यूट्यूबच्या नाहीत. त्या व्हिडिओच्याच पत्त्यावरून येतात, डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या ज्या सेवेवर पाय-होल चालतं तिला, त्या वेगळ्या काढता येत नाहीत. मुख्य धडा वेगळा आहे. ज्या यंत्रावर तुम्ही प्रयोग करता त्याच यंत्रावर घराचा डीएनएस असेल, तर तुम्ही काहीही रीस्टार्ट केलं की आतून आरोळी येते, "नेट गेलं!" राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता टाकणं हा उपाय नव्हे, कारण उपकरणं त्यालाही मधूनच विचारतात आणि जाहिराती परत येतात. पडून असलेल्या जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर दुसरं पाय-होल चढवलं, तेव्हा शांतता झाली.

घराबाहेरून या सर्व्हरपर्यंत पोचणं हा आपल्याकडचा वेगळा विषय. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होताना दिसला तर समजा की तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरची विनंती राउटरमधून आत सोडण्यावर) घालवलेला वेळ वाया जातो. मी टेलस्केल लावलं, ते आपली यंत्रं एकमेकांना खाजगी वाटेने जोडतं. त्याच्या मुळाशी वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्र आहे, जे २०२०च्या मार्चमध्ये लिनक्स कर्नल ५.६मध्ये आलं. टेलस्केल घरगुती वापराला फुकट आहे, आईच्या फोनवरही चालतं, आणि एकही पोर्ट जगासाठी उघडावं लागत नाही.

बॅकअपसाठी रेस्टिक हे साधन. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दुसरी नाशिकला ताईकडे ठेवलेल्या डिस्कवर, टेलस्केलमधून. पहिली मोठी प्रत इथेच भरून डिस्क एसटीने नेली, नंतर रोजचे फरक तेवढे जातात. इमिच आपल्या डेटाबेसची प्रत रोज पहाटे दोनला स्वतः काढतं, पण ती नुसती माहितीची. मूळ फोटोंचा बॅकअप तुम्हालाच घ्यावा लागतो, यात गफलत होऊ देऊ नका. बाहेरची डिस्क एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने, लिहा आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) जोडा. नाहीतर एखाद्या दिवशी केबल सैल असली की यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, आणि तिथे मॉनिटर-कीबोर्ड जोडल्याशिवाय गती नाही.

काढून टाकलेल्या गोष्टींत नेक्स्टक्लाउड (गूगल ड्राइव्हसारखं, पण घरच्या सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) पहिलं. आमच्यासारख्या मोजक्या माणसांना ते अंगापेक्षा बोंगा मोठा झालं. यंत्रांमधल्या फाइली जुळत्या ठेवणारं सिंकथिंग आणि सांबा यांत काम भागतं. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अॅप २०२४च्या डिसेंबरात बंद झालं, आता त्याचं 'फोर्क' (दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती) वापरावं लागतं. सर्व्हरची तब्येत दाखवणारे ग्राफानाचे रंगीत आलेखही गेले. पाहुण्यांना दाखवायला छान होते. स्कॅन केलेली कागदपत्रं साठवणारं पेपरलेस-एनजीएक्स मात्र राहिलं: चित्रातला मजकूर वाचणाऱ्या टेसरॅक्टची मराठी भाषा जोडली की सातबारा, वीजबिलं, सोसायटीच्या नोटिसा यांतला छापील मजकूर शोधता येतो. डॉट मॅट्रिक्सच्या पावत्यांपुढे ते हात टेकतं.

खरी गंमत यातल्या कशातच नाही, ती मोडतोडीत आहे. पण घरच्यांचे फोटो ज्यावर आहेत त्यावर मोडतोड करायची हिंमत उरत नाही. म्हणून अलीकडे त्याच जातीचं दुसरं यंत्र आणून त्यावर डेबियन १३वरच बेतलेलं प्रॉक्समॉक्स ९ बसवलं, ते एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवतं. झेडएफएस या फाइल-व्यवस्थेवर स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यायचा, वाटेल ते बिघडवायचं, परत मागे जायचं. सध्या तिथे अल्पाइन या चिमुकल्या लिनक्सचे छोटे एलएक्ससी कंटेनर उभे करून पाडणं चालू आहे. या यंत्राला १६ जीबी रॅम हवी होती, पण २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. तेव्हा तुम्ही घेणार असाल तर रॅम आधीच भरलेलं यंत्र शोधा. नंतर सुटी पट्टी घ्यायला गेलात तर यंत्राचा स्वस्तपणा तिथेच संपतो.