वॅक्स की ट्रिमर? गरोदरपणातला पेच

पार्लरवाली ताई आधी विचारते, "कितवा महिना?" विचारायलाच हवं. गरोदरपणात त्वचेचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून एरवी नुसती चुरचुरणारी वॅक्सची पट्टी आता डोळ्यांतून पाणी काढू शकते. बाळाला त्याने काही होत नाही, त्रास आईलाच: लाली, पुरळ, आत वळलेले केस. पायांवर निळ्या, फुगलेल्या शिरा असतील तर तिथे वॅक्स नकोच. फायदा एवढाच, की तीन-चार आठवडे निवांत.

ट्रिमरचे खुंट मात्र दोन-चार दिवसांत टोचायला लागतात. तरी माझा कौल त्यालाच, विशेषतः शेवटच्या दोन महिन्यांत. पोटाआड काही दिसत नाही. ओल्या बाथरूममध्ये एका पायावर कसरत करण्यापेक्षा पलंगावर बसा, लांब केस तेवढे कापा.

"दवाखान्यात स्वच्छ होऊन जा," असं सासूबाई सांगतात, आणि मुली आदल्या रात्री रेझर फिरवतात. नेमकं तेच टाळा. रेझरच्या बारीक ओरखड्यांतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. ऑपरेशनआधी केस काढूच नयेत, गरजच असेल तर क्लिपरने, म्हणजे ट्रिमरसारख्याच यंत्राने, कापावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. म्हणजे सिझेरियन ठरलेलं असलं, तरी घरून तयारी करून जायची गरज नाही.

बाळंतपणानंतर टाक्यांच्या आसपास, ते पूर्ण भरून डॉक्टरांनी पाहेपर्यंत, वॅक्स लावू नका. हात-पाय, काखा? त्वचा शांत असेल तर खुशाल. आधी मनगटाजवळ एक छोटी पट्टी ओढून बघा.