पॅरिसचं पाले गार्निए: सोनेरी नक्षीच्या पलीकडे काय बघाल

नागपूरहून निघणाऱ्या युरोप टूरमध्ये हे ऑपेरा हाउस बहुतेक बसच्या खिडकीतूनच उरकतात. नाटकाचं थोडंसंही वेड असेल तर ग्रुप सोडा, वेगळं तिकीट काढा आणि दोन तास हाताशी ठेवा. 'ओपेरा' मेट्रो स्टेशन (लाइन ३, ७ आणि ८) अगदी समोर आहे. दिवसा बघायला येणाऱ्यांचं दार मात्र दर्शनी पायऱ्यांवर नाही; ते बाजूला, स्क्रिब आणि ओबेर रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे.

पैसे भरण्याआधी एक तपासा: त्या दिवशी प्रेक्षागृह उघडं आहे ना? तालीम किंवा सेटची लावालाव असली की ते बंद ठेवतात. मग उरतो संगमरवरी जिना आणि ५४ मीटर लांबीचा दिवाणखाना. फोटोला उत्तम, पण नाट्यगृह बघितल्याचं समाधान नाही.

खरी करामत पायाखाली आहे. १८६१ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि खोदताच भूजल लागलं. विहीर उपसावी तसे वाफेचे पंप महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालवले, तरी पाणी हटेना. मग वास्तुविशारद शार्ल गार्निएने दुहेरी पाया घातला आणि तळाशी काँक्रीटचं प्रचंड टाकं बांधून ते भरूनच ठेवलं. आतल्या पाण्याच्या भाराने बाहेरच्या पाण्याचा दाब तोलला जातो, शिवाय आगीसाठी साठा तयार. तळघरातला 'तलाव' म्हणतात तो हाच. सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरात अंबाझरीकडची घरं पाण्यात गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना यातली अक्कल लगेच कळेल. मात्र हे टाकं दिवसाच्या तिकिटात दाखवत नाहीत.

१८५८ मध्ये जुन्या ऑपेराच्या दारात फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब पडले, म्हणून इथे बग्गी थेट आत नेणारा वेगळा चढ बांधला. सम्राट १८७३ च्या जानेवारीत वारला, त्याच वर्षी जुनं थिएटर जळालं आणि घाईघाईने ५ जानेवारी १८७५ ला हे उघडलं. तो चढ जिथे जातो त्या सम्राटाच्या दालनात आता ग्रंथालय-संग्रहालय आहे. ते टाळू नका.

खुर्च्या १,९७९, म्हणजे रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाएवढ्याच. पण आकार घोड्याच्या नालासारखा. छताला सुमारे सात टनांचं झुंबर. १८९६ मध्ये त्याचं प्रतिवजन (झुंबराचा भार तोलणारं वजन) कोसळून एक बाई दगावली. झुंबर पडलं ही दंतकथा. वरचं चित्रकार मार्क शागालचं रंगीत छत १९६४ चं, जुन्या चित्राखाली वेगळ्या चौकटीवर बसवलेलं. काहींना ते खटकतं. सोनेरी भपक्यात तेवढंच मोकळं वाटतं, असं आमचं मत.

नेपथ्यवाल्यांनी मंचाचा उतार निरखावा: ५ टक्के, म्हणजे २० फूट मागे गेलं की १ फूट चढ. सपाट मंचावरचा फ्लॅट (नेपथ्याची उभी चौकट) तसाच उभा केला तर प्रेक्षकांकडे कलतो, आणि चाकांच्या सेटला लाकडी गुटका लावला नाही तर तो घरंगळतो.

जमल्यास संध्याकाळचा बॅले बघा. स्वस्त जागा बाजूच्या बॉक्समध्ये मागच्या रांगेत असतात, तिथून अर्धा मंच झाकला जातो; अगदी वर मागे बसलं तर झुंबर आड येतं. आणि जागेपुढे 'साँ व्हिझिबिलिते' लिहिलं असेल तर ते तिकीट घेऊ नका, तिथून मंच दिसत नाही.