प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास वायस्काउटवर: सेट पीससाठी पैसे वसूल, बचाव वाचायला अपुरं

रविवारी फुटबॉलचा सामना असेल तर विश्लेषकाच्या हातात कामाचे जेमतेम चार दिवस असतात. शुक्रवारी प्रशिक्षकांपुढे क्लिप्स ठेवायच्या, शनिवारी खेळाडूंना दाखवायच्या. समोरचा संघ गोल कुठून करतो, कुठून खातो, दबावात सापडला की चेंडू कुणाकडे देतो, हे सगळं त्यात आलं पाहिजे. या कामासाठी जगभरचे क्लब वापरतात ती सेवा म्हणजे वायस्काउट. इटलीतल्या क्यावरी गावात २००४ साली सुरू झालेली ही कंपनी २०१९ पासून अमेरिकेच्या हडलकडे आहे. तिचं नाव जास्त करून खेळाडू हेरण्यासाठी घेतलं जातं. इथे फक्त एवढंच पाहायचं आहे की पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी समजून घ्यायला ती किती उपयोगी पडते.

आमचं मत आधीच सांगतो. सेट पीस, म्हणजे कॉर्नर आणि फ्री किक, आणि एकेका खेळाडूच्या सवयी यांसाठी ही सेवा घ्यावीच. चेंडू नसताना समोरचा संघ कसा उभा राहतो हे कळायला मात्र ती एकटी पुरत नाही, आणि हे माहीत नसलेला विश्लेषक तिच्या आकड्यांवर भलताच विश्वास टाकून बसतो.

सेवेचा गाभा साधा आहे. प्रत्येक सामन्याचं चित्रण पाहत माणसं नोंदी करतात: एका संघासाठी एक जण, दुसऱ्यासाठी दुसरा आणि दोघांचं काम तपासणारा तिसरा. २०१९ साली संशोधनासाठी खुल्या झालेल्या त्यांच्या संचात १,९४१ सामने आणि ३२,५१,२९४ नोंदी होत्या, म्हणजे सामन्यामागे साधारण १,६७५. नव्वद मिनिटांत बसवलं तर दर सव्वातीन सेकंदांना एक. प्रत्येक नोंदीला वेळ, खेळाडू, प्रकार आणि मैदानावरची जागा जोडलेली असते. नोंदीवर टिचकी मारली की चित्रणाचा तेवढाच तुकडा सुरू होतो. खरे पैसे या सोयीचे आहेत. डाव्या फुलबॅकचे (बगलेतल्या बचावपटूचे) सहा सामन्यांतले सगळे क्रॉस सलग पाहायला नऊ तासांचं चित्रण पुढे-मागे करावं लागत नाही, पंधरा मिनिटांत काम होतं.

नोंदी उतरवून स्वतः नकाशे काढणार असाल तर एक खाचखळगा आहे. जागा मीटरमध्ये नसते, टक्क्यांत असते: लांबी ० ते १००, रुंदी ० ते १००, आणि तीही नोंद ज्या संघाची त्याच्या आक्रमणाच्या दिशेने. दोन्ही संघ एकाच नकाशावर टाकायचे तर एका संघाचे दोन्ही आकडे १०० मधून वजा करून घ्यावे लागतात. नाही तर दोघेही एकाच गोलवर हल्ला करताना दिसतात. शिवाय १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर लांबीतला एक टक्का १०५ सेंटिमीटरचा आणि रुंदीतला ६८चा. नकाशा चौरस काढला की पासचे कोन फसवे दिसतात.

आता सामने कोणते निवडायचे. सेवा शेवटचे पाच-सहा सामने समोर ठेवते आणि बहुतेक जण तेच घेतात. ही पहिली चूक. ताजे दोन सामने घ्या, पण उरलेले चार असे निवडा की त्यांतला विरोधी संघ आपल्यासारखा खेळणारा असेल. आपण तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) ठेवून खेळत असू, तर त्यांनी तीन सेंटरबॅकवाल्या संघाविरुद्ध काय केलं हे पाहण्यात अर्थ आहे. प्रशिक्षक बदलला असेल तर आधीचे सामने बाजूला ठेवा. लाल कार्ड निघाल्यानंतरची मिनिटं वगळा. दोन गोलांची आघाडी घेतल्यानंतरचा खेळ वेगळ्या प्लेलिस्टमध्ये टाका, कारण आघाडीवर असलेला संघ मागे सरकतो आणि ती त्याची सवय नसून त्या वेळेची गरज असते. जुन्या हंगामांत शिरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: आयएसएलचे (इंडियन सुपर लीगचे) २०२०-२१ आणि २०२१-२२ हे हंगाम संपूर्ण गोव्यात झाले, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर. त्या दोन वर्षांसाठी घरचे-बाहेरचे सामने अशी चाळणी लावली तर निकाल कागदावर नीट दिसतील, पण त्यांना काहीही अर्थ नसेल.

त्याच २०२०-२१च्या हंगामातलं एक उदाहरण जवळून पाहू. २८ फेब्रुवारी २०२१ला बांबोळीत मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० हरवलं. दोघांचे गुण ४० झाले आणि साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची शील्ड मुंबईला गेली. तेराच दिवसांनी, १३ मार्चला, फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात हेच दोघे पुन्हा समोरासमोर. मोहन बागानच्या बाजूने अभ्यास करायचा असं धरा. फ्री किकची यादी उघडली की सातव्या मिनिटाचा गोल लगेच सापडतो: अहमद जाहूची फ्री किक आणि मूर्तदा फॉलचं हेडर. ३९व्या मिनिटाचा गोल मात्र सहज हाती लागत नाही. हर्नान सांतानाची फ्री किक क्रॉसबारला लागली आणि परत आलेल्या चेंडूवर ओग्बेचेने डोकं लावलं. फ्री किक ही एक नोंद, हेडर ही दुसरी. क्लिप फटक्यापाशी कापली तर खरा धडा, म्हणजे परतीच्या चेंडूकडे कोण आधी धावलं आणि कोण उभं राहून पाहत होतं, तो कापला जातो. म्हणून सेट पीसच्या क्लिपला नोंदीच्या आधीचे पाच सेकंद आणि नंतरचे दहा सेकंद जोडायचेच. आधीच्या पाचात कोण कुणाला धरून उभा आहे ते दिसतं, नंतरच्या दहांत दुसरा चेंडू.

अंतिम सामन्यातला मुंबईचा पहिला गोल तर या पद्धतीचं दुखणं उघडं करून दाखवतो. २९व्या मिनिटाला जाहूने बचावफळीमागे लांब चेंडू टाकला आणि तो परतवायला गेलेल्या मोहन बागानच्या तिरीचं हेडर स्वतःच्याच जाळ्यात गेलं. स्वयंगोल. नोंदवहीत मुंबईचा फटका नाही, म्हणून एक्सजीही (फटक्याचा गोल होण्याची शक्यता सांगणारा आकडा) नाही, असिस्टही (गोलआधीच्या पासचं श्रेय) नाही. फक्त फटक्यांचा नकाशा आणि एक्सजी पाहून पुढच्या सामन्याची तयारी करणाऱ्याला हा हल्ला झालाच नाही असं वाटेल. तो सापडतो जाहूच्या लांब पासच्या यादीत. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या धोक्याची सुरुवात फटक्यापासून करू नका. फटक्याच्या दोन-तीन पास आधी चेंडू कुणाच्या पायात असतो ते शोधा, मग त्या खेळाडूचे सगळे पुढचे लांब पास पाहा, पोहोचलेले आणि फसलेलेही. फसलेल्या पासमध्ये संघाचा इरादा जास्त स्पष्ट दिसतो.

कॉर्नरबद्दल थोडं सविस्तर, कारण सेवेची किंमत सगळ्यात जास्त इथे वसूल होते. संघाला सामन्यात साधारण पाच कॉर्नर मिळतात. सहा सामन्यांचे तीस. त्यांतले डावे-उजवे वेगळे केले, मग आत वळणारे आणि बाहेर जाणारे वेगळे केले, की एकेका गटात सात-आठच उरतात. एवढ्यावरून ‘ते ६० टक्के चेंडू जवळच्या खांबावर टाकतात’ असं वाक्य अहवालात लिहू नये. एक कॉर्नर इकडचा तिकडे झाला तरी आकडा बारा-चौदा टक्क्यांनी हलतो. कॉर्नरसाठी सहा सामने सोडून दहा-बारा घ्या. मग टक्केवारी न लिहिता हालचाली टिपून काढा: चेंडू मारणाऱ्याचा पाय कोणता, हात वर करण्याची खूण आहे का, कोण गोलरक्षकासमोर उभा राहतो, कोण आडवा येऊन धावणाऱ्याला वाट करून देतो, पेनल्टी क्षेत्राबाहेर किती जण थांबतात. बचावाच्या कॉर्नरसाठी एवढं पुरे: खांबाजवळ माणूस आहे का, झोनल (प्रत्येकाला जागा वाटून) आहे की माणसाला माणूस, आणि पुढे किती जण सोडतात.

आता जे निसटतं ते. बहुतेक चित्रण टीव्हीच्या प्रक्षेपणाचं असतं. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे डाव्या बगलेत चेंडू असताना उजवा विंगर चौकटीबाहेर असतो. बचावफळी किती वर उभी आहे, तिच्या आणि गोलरक्षकाच्या मधे किती मीटर मोकळे आहेत, हे कित्येक वेळा अंदाजानेच ठरवावं लागतं. चेंडू बाहेर गेला की दिग्दर्शक रिप्ले दाखवतो आणि पटकन घेतलेला थ्रो-इन किंवा गोल किक अर्धी निघून जाते. उंचावरून अख्खं मैदान दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण ज्या सामन्यांचं मिळतं, ते आधी पाहा.

मेलेल्या चेंडूचे, म्हणजे खेळ थांबलेला असतानाचे, सेकंद तर कुठल्याच नोंदीत नसतात, आणि तिथे सामने फिरतात. ७ मे २०१९ला लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर ७९व्या मिनिटाला त्यांच्या ट्रेंट अलेक्झांडर-अरनॉल्डने घाईने कॉर्नर मारला, बार्सिलोनाचे खेळाडू अजून सावरत होते, आणि ओरिगीने चौथा गोल केला. खेळ थांबला की बार्सिलोनाचं लक्ष उडतं हे लिव्हरपूलच्या लोकांनी आधीच हेरलं होतं आणि चेंडू परत देणाऱ्या मुलांना घाई करायला सांगून ठेवलं होतं. असलं निरीक्षण टॅगच्या यादीतून येत नाही. त्यासाठी निदान दोन सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापता पाहावे लागतात.

आकड्यांपैकी पीपीडीएवर सर्वांत जास्त चुका होतात. पीपीडीए म्हणजे प्रतिस्पर्ध्याला त्याच्या भागात किती पास करू दिले, भागिले त्याला अडवण्यासाठी केलेल्या कृती. आकडा लहान तर प्रेस (चेंडू हिसकावण्यासाठी टाकलेला दबाव) जोरात, असं सरळ वाचलं जातं. पण समोरचा संघ गोल किकपासूनच लांब मारत असेल तर पास मुळातच कमी होतात आणि मागे बसलेला संघही प्रेस करणारा वाटू लागतो. आकडा सामन्यागणिक वाचा, हंगामाच्या सरासरीवर जाऊ नका. एक्सजीतून पेनल्टी आधी काढून टाका. एकेका पेनल्टीचं वजन पाऊण गोलाच्या जरा वर असतं आणि सहा सामन्यांत दोन पेनल्टी असल्या तर सगळं चित्र फुगतं.

लहान क्लबांना आणि अभ्यासू चाहत्यांना सोफास्कोअर फुकटात बरंच देतं: खेळाडूचा हीटमॅप, फटक्यांचा नकाशा, खेळाडूंच्या सरासरी जागा. त्यातल्या सरासरी जागेपासून सावध राहा. दोन विंगर अर्ध्यात बाजू बदलत असतील तर दोघेही मैदानाच्या मधोमध दिसतात, जिथे ते क्वचितच उभे होते.

वेळेचा हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा. इंग्लंडच्या लीड्स क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी १६ जानेवारी २०१९ला पत्रकारांसमोर डर्बी या प्रतिस्पर्धी क्लबचा अभ्यास उलगडून दाखवला. डर्बीचे आधीच्या हंगामातले ५१ सामने, प्रत्येकाला चार तास, म्हणजे दोनशेच्या वर तास. एकट्या विश्लेषकाला ते शक्य नाही. सहा सामने नोंदींवरून, त्यांतले दोन पूर्ण, आणि कॉर्नर-फ्री किकसाठी वेगळा दिवस, एवढं चार दिवसांत बसतं. खेळाडूंपुढे बारा ते पंधरा मिनिटांहून जास्त ठेवू नका, आणि सेंटरबॅकला त्यांच्या स्ट्रायकरच्या पाच-सहा क्लिप्स स्वतंत्र द्या. वर्गणी भरण्याआधी आपल्या योजनेत दरमहा किती मिनिटं चित्रण पाहता येतं, किती उतरवून घेता येतं आणि आपल्याला लागणाऱ्या स्पर्धा त्यात आहेत का, हे लेखी विचारून घ्या. राज्य पातळीवरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबसाठी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

संघांची यादी सामन्याच्या साधारण तासभर आधी हातात येते. कॉर्नर मारणारा नेहमीचा खेळाडू त्यात नसला तर केलेली तयारी अर्धी वाया जाते. म्हणून गुरुवारीच त्यांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कॉर्नर मारणाऱ्याची प्लेलिस्ट करून ठेवा. तो डावखुरा असेल तर चेंडू उलटा वळणार, आणि जवळच्या खांबावरचा आपला माणूस तुम्हाला ड्रेसिंग रूममध्येच हलवावा लागेल.