डिस्क पुसायची की फोडायची?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानातला जुना कॉम्प्युटर विकायला काढला होता. आत शेतकऱ्यांच्या पट्ट्या, बँक खात्यांचे नंबर. "फॉरमॅट मारलाय की," मालक म्हणाले. अहो, क्विक फॉरमॅटनं नुसती अनुक्रमणिका जाते, मजकूर तसाच राहतो!

फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क चालू असेल तर मी पुसायलाच सांगतो. सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. १ टीबीला २-३ तास जातात, पण डिस्क पुन्हा कामाला येते. एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर, एवढ्यावर भागत नाही, राखीव कप्प्यांत जुना डेटा उरू शकतो. तिथं सिक्युअर इरेजची, म्हणजे डिस्कला स्वतःलाच सगळं पुसायला लावणारी कमांड द्यायची.

बंद पडलेल्या डिस्कला मात्र ड्रिलच. भोकं तबकड्यांच्या आरपार हवीत. एसएसडी असेल तर एकूणएक मेमरी चिप फोडायची.